कॉलरच्या पेटीतली कार्डं

मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफिल्ड गावात गायडिंग स्टार ग्रेंज नावाचा जुना हॉल आहे. तिथे काँट्रा नावाचा अमेरिकी लोकनाच रंगतो. समोरासमोर दोन लांबलचक रांगा, स्टेजवर फिडल वाजतंय आणि माईकपाशी कॉलर. पुढे काय करायचं ते ती सांगणार, आपण नाचायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा एक सोपं निघालं: जोडीदाराबरोबर गरगर फिरणं, म्हणजे स्विंग. अंगाचा भार मागे टाकायचा असतो, हे फुगडी बघत वाढलेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. बाकी सगळीकडे मी धडकत होतो.

मध्यंतरात कॉलरबाईंनी त्यांची पेटी दाखवली. तीन बाय पाच इंचांची कार्डं, वाचनालयातल्या जुन्या कॅटलॉगसारखी. एका कार्डावर एक नाच. वर नाव, तो कुणी रचला, जोड्या कशा उभ्या करायच्या. खाली चार ओळी: ए१, ए२, बी१, बी२. धूनही याच चार तुकड्यांची, प्रत्येकी १६ ठोके. ६४ ठोक्यांचं आवर्तन संपलं की प्रत्येक जोडी एक घर सरकते. समेवर यावं, तर समोर नवीच माणसं!

पण मी अडकलो ते कडेच्या पेन्सिलीच्या खुणांत. 'इथे डावा हात मोकळा ठेवायला आधीच सांग.' 'टोकाला थांबलेली जोडी जागा बदलायला विसरते.' 'नवखे जास्त असतील तर नको.' मागे तारखा आणि हॉलची नावं, तोच नाच त्याच लोकांना लगेच परत नको म्हणून. हाक द्यायची ती चाल सुरू व्हायच्या दोन-चार ठोके आधी, त्यामुळे नजर कायम एक ओळ पुढे. म्हणून अक्षर हे एवढं मोठं.

जुन्या कार्डांची गंमत निराळीच. पूर्वी 'जी' म्हणजे डावीकडचा जेंट, 'एल' म्हणजे उजवीकडची लेडी. आता बऱ्याच ठिकाणी डावीकडच्याला लार्क आणि उजवीकडच्याला रॉबिन म्हणतात, दोन्ही पक्ष्यांची नावं. कुणीही काहीही व्हावं. म्हणजे पूर्वी बाईचा असलेला 'एल' आता लार्कचा, म्हणजे नेमका समोरच्याचा! खाडाखोड न केलेलं एखादं कार्ड हाती आलं की अख्खी रांग उलटी फिरते. बाई म्हणाल्या, "झालंय एकदा." कुठे, ते विचारलं नाही.

नाच ठरवताना त्या कार्डं टेबलावर पत्त्यांसारखी मांडतात. दोन नाच एकाच चालीने सुरू होत असतील तर एक बाजूला. दारातून नवी मंडळी फार शिरली तर मांडलेला डाव मोडून नवा.

मध्यंतरानंतरच्या दुसऱ्याच नाचात मी टोकाला पोहोचलो आणि अर्थातच जागा बदलायला विसरलो. स्टेजकडे पाहिलं. बाई आमच्या रांगेकडे बघत कार्डावर पेन्सिलीने काहीतरी लिहीत होत्या.