‘बंद करा’ या एका बटणापायी

सांगलीच्या मार्केट यार्डात मामाचं हळदीचं अडतीचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाचे हिशोबाचे कागद) काढायला मी पायथनच्या फ्लास्कमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारे प्रोग्राम लिहायच्या साधनात, एक छोटा प्रोग्राम लिहून दिलाय. शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई टाकली की पट्टी छापून बाहेर. हे सगळं दोन रविवारांत उरकलं. चार दिवस गेले ते हा प्रोग्राम बंद करण्यात.

झालं असं, की दिवाणजी संध्याकाळी ब्राउझरवरची फुली दाबायचे आणि घरी जायचे. मागे सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पान पुरवणारा प्रोग्राम, चालूच. सकाळी पुन्हा आयकॉनवर डबल क्लिक. लिनक्सवर अशा वेळी ‘पोर्ट आधीच वापरात आहे’ (पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर) म्हणून दुसरा सर्व्हर उठतच नाही. विंडोजवर मात्र तो गुपचूप त्याच ५००० नंबरच्या पोर्टवर जाऊन बसतो, आणि मग उत्तर नवा देईल की जुना याचा भरवसा नाही. मी तोलाईचा आकडा दुरुस्त करून दिला तरी पट्टीत जुनाच यायचा. मामा म्हणाला, “तू बदललंस म्हणतोस, पण कागद काही बदलंना.” मग ठरवलं, पानावरच ‘बंद करा’ असं ठळक बटण द्यायचं.

माझ्याकडे २०२० साली कुठूनतरी उतरवून घेतलेल्या चार ओळी होत्या. रिक्वेस्टच्या (ब्राउझरकडून आलेल्या मागणीच्या) एन्व्हायरनमधून, म्हणजे तिच्यासोबतच्या माहितीतून, ‘वर्कझुग डॉट सर्व्हर डॉट शटडाउन’ नावाचं फंक्शन काढायचं आणि बोलवायचं. वर्कझुग म्हणजे फ्लास्कच्या पोटात सर्व्हर चालवणारी लायब्ररी. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते छान चालायचं. दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरवर बटण दाबलं तर एरर आली, ‘वर्कझुग सर्व्हरवर चालत नाही’ अशा अर्थाची. अरे, त्याच्यावरच तर चालतंय! काळ्या खिडकीत डोळ्यांसमोर ओळी पळतायत. अर्धा दिवस इन्स्टॉलेशन काढ-घाल केल्यावर लक्षात आलं की तो संदेश वर्कझुगचा नव्हताच, उतरवलेल्या ओळींतला होता. फंक्शन सापडलं नाही की तो तेवढंच बोलतो. आणि फंक्शन सापडणार कुठून? वर्कझुगच्या २०२१ च्या २.० आवृत्तीत ‘हे जाणार आहे’ अशी सूचना देऊन २०२२ च्या २.१ मध्ये ते काढूनच टाकलंय. सूचना माझ्या लॅपटॉपवर कधी दिसलीच नाही, कारण तिथली आवृत्ती त्याहून जुनी.

मग सिस-एक्झिट, म्हणजे पायथनची ‘प्रोग्राम संपव’ ही आज्ञा, टाकून पाहिलं. काही घडलं नाही, एररसुद्धा नाही. फ्लास्क १.० पासून ॲप-रन (सर्व्हर सुरू करायची नेहमीची आज्ञा) प्रत्येक रिक्वेस्टला वेगळा थ्रेड, म्हणजे कामाचा वेगळा धागा, देतं. सिस-एक्झिटने तेवढा थ्रेड मरतो, सर्व्हर जागचा हलत नाही. त्यानंतर ओएस-किल (प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, सिग्नल पाठवायची आज्ञा) वापरून स्वतःलाच कंट्रोल-सी चा, म्हणजे ‘थांब’ असा, सिग्नल पाठवला. विश्रामबागेत घरी लिनक्सवर अगदी शहाण्यासारखं बंद झालं. खूश होऊन दुकानात गेलो. तिथेही बंद झालं, पण थांबताना शेवटी पेन ड्राइव्हवर हिशोबाची जी नक्कल पडायची ती पडली नाही. विंडोजवर ओएस-किल त्या सिग्नलचा सिग्नल म्हणून मानच ठेवत नाही, प्रोसेसचा गळाच दाबतं. ‘फायनली’ मधल्या, म्हणजे थांबण्याआधी शेवटी चालायच्या, ओळींपर्यंत गाडी पोचतच नाही. हिशोबाच्या कामाला हा मार्ग नको.

उरला सरळ रस्ता: ॲप-रन सोडून वर्कझुगचंच मेक-सर्व्हर वापरायचं, मिळालेला सर्व्हर हातात ठेवायचा, त्याला ‘सर्व्ह फॉरएव्हर’ वर (रिक्वेस्टची वाट बघत फिरत राहणाऱ्या लूपवर) सोडायचा आणि बटण दाबलं की त्याचं शटडाउन बोलवायचं. लिहिलं, चालवलं, बटण दाबलं. ब्राउझरमधलं चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. कंट्रोल-सी दाबलं, त्यालाही दाद नाही. काळी खिडकीच बंद करावी लागली. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. एकदा वाटलं अँटिव्हायरस आड येतोय, तो बंद केला. एकदा वाटलं डेटाबेस अडकलाय, तो सगळा भाग काढून टाकला. नुसतं बटण आणि शटडाउन ठेवलं, तरी चक्र फिरतंच. बाहेर सौदे चालू, आत मी भडंगाची पुडी संपवत त्या चक्राकडे बघत बसलेलो. दिवाणजींनी तीनदा विचारलं, “मग आज पट्ट्या हातानं करू का?”

शेवटी पायथनमधल्या फॉल्टहँडलर या तपासणीच्या साधनाला सांगितलं की दहा सेकंदांनी कोण कुठे उभा आहे ते छाप. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, तुम्ही तरी करा. छापून आलं की सगळी गाडी शटडाउनच्या आत, एका वेटवर थांबली आहे. आणि त्याच यादीत खाली: सर्व्ह फॉरएव्हर. म्हणजे एकच थ्रेड. शटडाउन ‘थांब’ अशी खूण करतं आणि लूप थांबेपर्यंत वाट बघत बसतं. लूप ती खूण बघणार कधी, तर हातातली रिक्वेस्ट संपल्यावर. आणि हातातली रिक्वेस्ट म्हणजे हेच बटण! मामाला समजावून सांगितलं तर तो म्हणाला, “यात नवीन काय? खरेदीदार म्हणतो माल सोड, मग पैसे देतो. मी म्हणतो पैसे दे, मग माल सोडतो. दोघंही चहा पीत बसतो.”

पायथनच्या सॉकेटसर्व्हरच्या माहितीत हे स्वच्छ लिहिलंय, की शटडाउन दुसऱ्या थ्रेडमधून बोलवा, नाहीतर डेडलॉक होईल, म्हणजे दोघंही एकमेकांसाठी अडून बसतील. मी ते वाचलं नव्हतं. शिवाय ॲप-रनप्रमाणे मेक-सर्व्हरही प्रत्येक रिक्वेस्टला वेगळा थ्रेड देत असेल असं मी धरून चाललो होतो. तो आपणहून देत नाही.

उपाय एका ओळीचा निघाला. बटणाच्या फंक्शनात नवा थ्रेड काढायचा, त्याला शटडाउनचं काम द्यायचं आणि आपण लगेच ‘बंद होतंय’ हे पान परत करायचं. लूप दर अर्ध्या सेकंदाला खूण तपासतो, त्यामुळे पान दिसतं न दिसतं तोच सर्व्हर थांबतो, आणि सर्व्ह फॉरएव्हरच्या खालच्या ओळीवरून पेन ड्राइव्हची नक्कलही पडते. ती फाइल दिसली तेव्हा मी खरंच टेबलावर हात आपटला.

एक राहिलं. बटणाची रिक्वेस्ट ‘पोस्ट’ पद्धतीनेच पाठवा, म्हणजे नुसता पत्ता उघडून ती जाणार नाही. मी आधी साधी लिंक दिली होती. दिवाणजींनी पत्ता टाईप करायला सुरुवात केली, ब्राउझरने आदल्या दिवशीचा बंद करायचाच पत्ता पुढे पूर्ण करून दिला, त्यांनी एंटर दाबलं आणि सकाळी सकाळी दुकान बंद. सर्व्हरही १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच कॉम्प्युटरपुरता, ठेवा. ‘हा डेव्हलपमेंट सर्व्हर आहे, खऱ्या कामाला वापरू नका’ ही तांबडी ओळ मलाही दिसायची, पण एका कॉम्प्युटरवर एकच दिवाणजी असताना मी ती मनावर घेतली नाही.

आणि लिहिताना आठवलं: डीबगचा रीलोडर (कोड बदलला की सर्व्हर आपोआप पुन्हा सुरू करणारा) चालू असेल तर प्रोसेस दोन असतात. बाहेरून थोरलीला मारलं तर धाकटी पोर्ट धरून मागे राहते. हे बटण तपासताना रीलोडर बंदच ठेवा. जुनं काही मागे राहिलंय अशी शंका आली तर विंडोजवर नेटस्टॅट (कुठलं पोर्ट कोण वापरतंय ते दाखवणारी आज्ञा) चालवून ५००० समोरचे सगळे प्रोसेस नंबर बघा. दुकानात मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथे चार सर्व्हर बसलेले होते, एक मंगळवारपासूनचा.