कमानपाट्याचा कोयता

कवळतोडीच्या, म्हणजे राबासाठी झाडांच्या पालेदार फांद्या तोडायच्या, ऐन दिवसांत आमच्या घरचा जुना कोयता मुठीपाशी मोडला. आजोबांच्या वेळचा, झिजून झिजून पातं अर्ध्यावर आलेलं. बाजारातून आणलेला एक मागच्याच वर्षी सुक्या फांदीवर वाकला होता, त्यामुळे पुन्हा तसलाच आणायची इच्छा नव्हती. स्वतः करून बघायचं ठरवलं. घर संगमेश्वर तालुक्यात, मागच्या पडवीपलीकडे मोकळी जागा, हाताशी ग्राइंडर, दोन कानशी आणि हातोडा. लोहारकाम मात्र त्याआधी कधीच केलं नव्हतं.

भंगारवाल्याकडून जीपच्या कमानपाट्याचा (चाकांवर भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा) हातभर तुकडा किलोच्या भावाने आणला. साधी लोखंडी पट्टी कितीही घासली तरी तिला धार टिकत नाही, कारण तिच्यात कार्बन फार कमी. कमानपाट्याच्या पोलादात तो अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा जास्त असतो, आणि तेवढ्यावर ते पाणी धरतं, म्हणजे लाल तापवून एकदम निववलं की कडक होतं. जुन्या पाट्यात केसासारख्या चिरा असू शकतात. म्हणून तुकडा आधी घासून रॉकेलमध्ये ठेवला, पुसला आणि वर चुन्याचा पातळ हात दिला. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल चुन्यावर ओली रेघ काढतं. रेघ आली नाही.

जमिनीत चुलीएवढा खड्डा, कडेने विटा, खालून दीड इंची पाइप आणि त्याला गार हवेवर लावलेला केस वाळवायचा ड्रायर. कोळसा लोणारी. ऐरण नव्हती, म्हणून मोठ्या घणाचं डोकं ओंडक्यात अर्धं बसवलं. एवढ्यावर काम भागलं.

ठोकण्यात खरी अडचण आकाराची आली. कोयत्याचं टोक धारेकडे वळलेलं असतं, तेच फांदी ओढून धरतं. मी आधी आकडा वळवला आणि मग धारेची बाजू ठोकून पातळ करायला घेतली, तर पातं हळूहळू पाठीकडे उघडत गेलं. धारेकडचं पोलाद पसरतं, लांब होतं आणि पात्याला मागे ढकलतं. म्हणजे आकडा सुरुवातीलाच हवा त्यापेक्षा जास्त वळवून ठेवायचा. नारंगी असेपर्यंतच ठोकायचं, काळपट लाल झालं की पुन्हा भट्टीत. चार संध्याकाळी यात गेल्या. शेवटी तीनदा लालबुंद करून हवेत निवू दिलं, चौथ्यांदा रात्रभर गरम राखेत पुरून ठेवलं. सकाळी कानस छान चावत होती.

मग पाणी द्यायचा दिवस. आपल्याकडे शब्दच ‘पाणी देणं’, त्यामुळे मी बादलीभर पाणी घेऊन बसलो. पातं लाल झालं, चुंबक चिकटेनासं झालं, आणि मी ते अख्खं बुडवलं. वाफ उठली आणि त्या आवाजात एक बारीक ‘टिक्’ ऐकू आलं. बाहेर काढून पुसलं तर धारेपासून पाठीकडे दीड इंच चीर. चार संध्याकाळचं काम होतं ते. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी ते पातं घेऊन गावातल्या म्हाताऱ्या लोहाराकडे गेलो. त्यांना सगळे आबाच म्हणतात. त्यांनी चिरेवरून नख फिरवलं.

“अख्खं बुडवलंस?”

“हो आबा.”

“पाठीला कशाला पाजलंस? पाठ मऊच हवी, घाव ती सोसते. धारेपुरतं पाज. आणि हा पाटा आहे, त्याला पाणी सोसत नाही. तेल घे.”

पाण्यात पोलाद फार झपाट्याने निवतं. बाहेरचा थर कडक होऊन बसतो, आतला नंतर बदलून फुगू पाहतो, आणि या ओढाताणीत पातं तडकतं. तेल तेवढी घाई करत नाही. हे मी वाचलेलं होतं, पण हातात तुटलेलं पातं धरून आबांकडून ऐकलं तेव्हा ते कळलं.

उरलेल्या तुकड्यातून दुसरं पातं केलं, या वेळी तीन संध्याकाळीत. पत्र्याच्या लांबट डब्यात गोडंतेल घेतलं आणि हाताला चांगलं कढत लागेल इतकं गरम केलं. गरम तेल पातळ होतं आणि पात्याला नीट भिडतं. शेजारी झाकण आणि वाळूची घमेली ठेवली, कारण तेल पेटतंच, आणि पेटत्या तेलावर पाणी कधीही टाकायचं नाही. लोखंडाला असलेली चुंबकाची ओढ साधारण 770 अंश सेल्सिअसला जाते. चुंबक सुटल्यावर आणखी थोडं तापू दिलं आणि संधिप्रकाशात, रंग नीट दिसेल अशा वेळी, फक्त धारेचा पाऊण इंच तेलात धरला. ज्वाळा उठली, विझली. ‘टिक्’ आलं नाही. धारेवरून कानस काचेवरून सरकावी तशी घसरली. चुन्याची परीक्षा पुन्हा केली, कोरी निघाली.

इतकी कडक धार दगडावर आपटली तर टवका उडतो, म्हणून तिचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. पातं पॉलिश पेपरने चकचकीत केलं, एक जाड लोखंडी पट्टी लाल तापवली आणि तिच्यावर पाठ टेकवून धरली. या सगळ्या कामातला हा भाग मला सर्वांत आवडला. पाठीकडून रंग चालत येतात: आधी फिकट पिवळा, मग वाळल्या गवताचा, मग तपकिरी, त्याच्या मागोमाग जांभळा आणि निळा. धारेवर तपकिरीत जांभळी झाक आली की थांबायचं. सुरीला पिवळ्यावरच थांबवतात, पण कोयत्याला घाव सोसायचे असतात. टोक पातळ म्हणून तिथे रंग धावतो. ते दोनदा ओल्या फडक्याने टिपलं. धार सगळीकडे सारख्या रंगाला आली तसं पातं पाण्यात थंड केलं. आता पाण्याची भीती नव्हती.

मूठ वाळलेल्या ऐनाची, पुढे लोखंडी कडं, पात्याचा देठ तापवून मुठीच्या भोकात बसवला आणि वर अरल्डाइट भरलं. धार आधी कानशीने, मग दगडावर.

पहिल्या दिवशी किंजळीची कवळ तोडली, मनगटाएवढ्या फांद्या दोन घावांत. दुपारी धारेवरून अंगठा आडवा फिरवून बघितला. एका जागी किंचित दबली होती, टवका नव्हता. कानशीचे चार हात मारले आणि ती जागा सरळ झाली. संध्याकाळी कोयता अडकवायची कमरेची आकडी सोडून खुंटीला लावली, तर आई दोन नारळ घेऊन उभी होती. म्हणाली, “दे बघू तो इकडे.”