हेळवाक ते सातारा सिव्हिल: ऑटिझम असलेल्या लेकाला घेऊन तीन खेपा

आमची वाडी हेळवाकच्या वरच्या अंगाला, पंचवीस-तीस उंबऱ्यांची. साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडातलं सिव्हिल, गाठायचं तर आधी चालत डांबरी रस्त्याला यायचं, मग पाटण, मल्हारपेठ, उंब्रज आणि तिथून हायवेने सातारा. जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. गेल्या वर्षभरात अशा तीन खेपा झाल्या. मला जे धडपडत कळलं ते कोयनेच्या खोऱ्यातल्या दुसऱ्या कुणा आईला घरातून निघण्याआधीच ठाऊक असावं, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात अंगणवाडीत झाली. लेक तीन वर्षांचा होता. बाटल्यांची झाकणं ओळीने मांडत बसायचा, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पळायचा, नावाने हाक मारली तर मान वळवायचा नाही. "त्येचा बापबी चार वर्साचा हुईस्तवर बोलत न्हवता," असं आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, सांगायच्या आणि मलाही ते ऐकून बरं वाटायचं. सेविकाताईंना मात्र पटत नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. त्या दिवशी ताईंनी लेकाला मुद्दाम पुढे केलं. पथकातल्या डॉक्टर मॅडमनी त्याच्याशी चेंडू खेळून पाहिला, मला चार प्रश्न विचारले आणि डीईआयसीसाठी चिठ्ठी लिहून दिली. डीईआयसी म्हणजे सिव्हिलमधलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात. तुमच्याकडे पथक येऊन गेलं असेल आणि मूल त्या दिवशी घरी राहिलं असेल, तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगून चिठ्ठी मिळवा.

पहिली खेप जूनमध्ये केली आणि ती माझ्या अजाणतेपणामुळे फुकट गेली. बोलत नाही म्हटल्यावर आधी मुलाला ऐकू येतं का ते बघतात. त्यासाठी बेरा नावाची तपासणी असते. डोक्याला तारा चिकटवतात, दुखत काही नाही, पण मूल गाढ झोपलेलं लागतं. लेक पहाटे उठला होता, उंब्रज यायच्या आत माझ्या मांडीवर झोपला आणि साताऱ्यात उतरला तो ताजातवाना होऊन. मग कसला झोपतोय! औषध दिलं तरी डोळे टक्क उघडे. दुसरी तारीख घेऊन परत आलो.

तेव्हा बेरा असेल तर आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवा आणि गाडीत काही केल्या झोपू देऊ नका. आम्ही दुसऱ्या खेपेला खिडकीची जागा धरली, खिशात झाकणं घेतली आणि कंडक्टरदादांना आधीच सांगून ठेवलं. त्यांनी बेलची दोरी एकदा त्याच्या हातात दिली, त्या आवाजावर तो साताऱ्यापर्यंत जागा राहिला. कुकरच्या शिट्टीला घाबरणारं माझं लेकरू डबल बेलला हसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ऐकू व्यवस्थित येत होतं. मग मानसोपचार विभागातल्या ताईंनी ऑटिझमची तपासणी केली. आपल्या देशात त्यासाठी ठरलेली मोजपट्टी आहे, ४० मुद्द्यांची. प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि बेरीज ७० च्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत. बरेचसे प्रश्न आईलाच असतात. नवख्या खोलीत मूल घरच्यासारखं वागत नाही. लेक तर टेबलाखाली जाऊन बसला. माझ्या फोनमध्ये घरचे तीन व्हिडिओ होते: झाकणांचा खेळ, हाक मारल्यावरचं त्याचं न वळणं आणि जेवताना केलेला हट्ट. त्यांचा फार उपयोग झाला. पहिलं पाऊल कधी, पहिला शब्द कधी, आलेले शब्द मधेच गेले का, हे वहीत लिहून न्या. तिथे ऐन वेळी काही आठवत नाही.

निदान ऐकून मी जिन्यात बसून रडले. ते लपवायचं कारण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. केंद्रात थेरपी मोफत आहे, वाचा-उपचार करणाऱ्या ताई आहेत, पण आठवड्यातून दोनदा या असं म्हटल्यावर आमच्यासारख्यांनी काय करायचं? मी तेच विचारलं. त्या ताईंनी पाऊण तासातला बराचसा वेळ लेकाऐवजी मला शिकवण्यात घातला, आणि माझ्या मते लांबून येणाऱ्या प्रत्येक आईने हेच मागून घ्यावं. पाणी हवं असेल तर तांब्या त्याच्या उंचीवर, डोळ्यांसमोर धरायचा, "पाणी" एवढाच एक शब्द म्हणायचा आणि मनात दहापर्यंत मोजत थांबायचं. त्याने बघितलं, हात केला, आवाज काढला, काहीही केलं तरी लगेच द्यायचं. भाकरी, तांब्या, चप्पल, एसटी यांचे फोटो काढून, पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावायचे. अंगात आलेली बेचैनी उतरायला साडीची झोळी, अर्धी बादली उचलायला लावणं, पोत्यावर लोळणं. यातलं काहीही विकत आणावं लागत नाही. ताईंना करून दाखवायला सांगा, मग तुम्ही त्यांच्यासमोर करा आणि दोन्हीचं रेकॉर्डिंग त्यांच्या परवानगीने फोनमध्ये ठेवा. घरी आल्यावर ते आत्यांना दाखवलं. आता कोंबड्यांना दाणे टाकताना "ये ये" म्हणून थांबायचं काम त्याच करतात, आणि माझ्याहून नेटाने.

दुसरं, दिव्यांग प्रमाणपत्र आणि थेरपी या दोन वेगळ्या रांगा आहेत. कार्ड हातात आल्यावर बघू, असं म्हणत कितीतरी घरं थांबतात आणि मुलाची मोलाची वर्षं जातात. थेरपीला चिठ्ठी पुरते.

कार्ड मात्र काढायचंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्पष्ट नावाने आहे. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखकार्डाचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा असतो. आमच्या वाडीत रेंज नाही, ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपायची. शेवटी पाटणला सेतू केंद्रात बसून भरला. मुलाचं आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा लागतो. आधारवर आणि जन्मदाखल्यावर नाव एकसारखं आहे का ते आधी बघा. आमच्याकडे एका वेलांटीचा फरक होता, तो दुरुस्त करण्यात महिना गेला. प्रमाणपत्रासाठी तपासणारा डॉक्टरांचा बोर्ड ठरावीक दिवशी बसतो, तेव्हा वार विचारल्याशिवाय निघू नका. आमची तिसरी खेप, दिवाळीनंतरची, त्याचीच होती. प्रमाणपत्रावर फेरतपासणीची तारीख असेल तर ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

प्रवासाचा खर्च वाटतो तितका नाही. एसटीत बाईला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीटच नाही. पुढे दिव्यांग म्हणून सवलत मिळते, तिची चौकशी आगारात करा. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजनाही आहे, वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा. त्यात बाहेर घेतलेल्या थेरपीची बिलंही ठरावीक मर्यादेत धरतात, म्हणून कराडला कुठे पैसे भरून गेलात तर पावती जपा.

शाळेसाठी पाटणच्या गट साधन केंद्रात जाऊन आले. समग्र शिक्षामध्ये विशेष शिक्षक असतात, ते गावच्या शाळेत येतात, प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता यांचीही तरतूद आहे. लेक अजून लहान आहे, तरी नाव आधीच सांगून ठेवलं.

डबा घरून न्या, लेकराच्या ओळखीचाच. जादा कपडे, कानावर घ्यायला मफलर, सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स. परतीची शेवटची गाडी कोणती ते उतरल्या-उतरल्या स्टँडवर विचारून घ्या. आमची पुढची तारीख माघात आहे. या बाजूच्या कुणाला सोबत हवी असेल, तर त्या दिवशी पहाटे मी हेळवाकच्या थांब्यावर असेन.