करवंटीतलं पाणी

स्मरणिका समितीने 'शाळेने मला काय दिलं' असा विषय कळवला आहे. समितीची क्षमा मागून मी फक्त जिन्याखालच्या चित्रकलेच्या खोलीबद्दल लिहिणार आहे. सरांचं नाव लिहीत नाही. त्या खोलीत एक वर्ष जरी काढलं असेल, तरी ते सांगावं लागणार नाही.

मानसिक आजार असलेल्या माणसांच्या एका दिवसभराच्या केंद्रात मी आता चित्रांचा वर्ग घेते. कोणाला स्किझोफ्रेनिया, कोणाला बायपोलर, कोणाला वर्षानुवर्षांचं नैराश्य. काही जण आजाराच्या आधीपासून चित्रकार आहेत, काहींनी ब्रश इथेच पहिल्यांदा धरला. या कामाचे निम्मे नियम सरांच्या वर्गातलेच निघाले. सरांना त्याचा पत्ताही नव्हता. ते आपले आम्हाला एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसवत होते.

करवंट्यांची गोष्ट आमच्या तुकडीला आठवत असेल. रंगाच्या पाण्यासाठी घरून स्टीलचे पेले आणायचे आणि डबा खाताना पाणीही त्याच पेल्यातून प्यायचं, अशी पद्धत होती. एका मुलाने भर तासाला ब्रश बुडवलेला पेला तोंडाला लावला. दात निळेशार. वर्ग हसून लोळला. सर हसले नाहीत की ओरडले नाहीत. त्याला चूळ भरायला नळावर पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी खोलीत पोतंभर करवंट्या आणून टाकल्या. काथ्या खरवडून काढलेला, आणि डुगडुगू नये म्हणून प्रत्येकीखाली सुतळीची चुंबळ. "करवंटीतून पाणी कोणी पीत नाही," एवढंच बोलले.

मानसिक आजारावरच्या बऱ्याच औषधांनी तोंडाला कोरड पडते. माणूस चित्रात गुंतलेला असतो, घसा सुकतो आणि हात जवळच्या पेल्याकडे आपोआप जातो. कितीही बजावून सांगितलं तरी हे होतंच, कारण हा समजुतीचा नाही, सवयीचा प्रश्न आहे. म्हणून रंगाचं पाणी अशा भांड्यात ठेवायचं, ज्यातून कोणी कधी प्यायलेलं नाही. पिण्याच्या पाण्याची बाटली वेगळी, जो हात रंगवत नाही त्या बाजूला. बायपोलरवरचं लिथियम हे औषध घेणाऱ्यांनी तर पाणी पीत राहायलाच हवं, तेव्हा 'मधे उठू नका' हा नियम आमच्याकडे चालत नाही.

हातांचं असंच. लिथियमने बोटांना बारीक कंप येतो, स्किझोफ्रेनियाच्या काही गोळ्यांनी हात ताठरतात, आणि ताठरपणावर दिलेल्या गोळीने कधी कधी जवळचं धूसर दिसतं. अशा माणसाच्या हाती 2 नंबरचा ब्रश आणि बारीक नक्षी दिली, तर तो पहिल्याच दिवशी 'मला येत नाही' म्हणून उठतो आणि परत येत नाही. त्याला 12 नंबरचा चपटा ब्रश द्यावा. दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून वर चिकटपट्टी लावली की दांडा अंगठ्याएवढा जाड होतो आणि पकड सैल ठेवता येते. कागद चारही बाजूंनी बोर्डला चिकटवायचा, म्हणजे दुसरा हात कागद धरण्यात अडकत नाही. मग सरांचं वाक्य: "मनगटातून नको, कोपरातून काढ." कोपर टेबलावर टेकलं की निम्मा कंप तिथेच जिरतो. मात्र बारीक कंप अचानक मोठा झाला, सोबत उलट्या-जुलाब असतील, तर ब्रश बदलत बसू नये. लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

कोऱ्या कागदाची भीती चित्रकारांनाही वाटते. नैराश्यात ती भिंतीसारखी उभी राहते. मोठी शीट देऊच नये. पाव इम्पिरियल, म्हणजे साधारण 15 बाय 11 इंच, पुरे. कडेने बोटभर रुंदीची कागदी चिकटपट्टी लावली की चौकट तयार होते आणि शेवटी पट्टी सोलल्यावर निघणारी पांढरी किनार कच्च्या चित्रालाही पुरं झाल्यासारखं रूप देते. पट्टी घाईने ओढली तर कागद फाटतो. तिरकी, सावकाश, रंग पूर्ण सुकल्यावर सोलायची. आदल्या दिवशी कागदावर गेरूचा पातळ हात मारून ठेवला, तर 'खराब होईल' ही धास्तीही जाते, कारण कागद आधीच खराब झालेला असतो. तेवढ्यानेही सुरुवात होत नसेल, तर दीड-दीड सेंटिमीटरवर ठिपके काढलेला कागद द्यायचा. रांगोळीची सवय असलेल्या बायकांना काही सांगावंच लागत नाही.

ठिपक्यांवरून जपानी चित्रकार यायोई कुसामा आठवतात. 1929 साली मात्सुमोतोला जन्म. लहानपणापासून भास: टेबलक्लॉथवरची लाल फुलं छतावर, खिडक्यांवर, स्वतःच्या अंगावर पसरताना दिसायची. त्यांनी तीच नक्षी कागदावर उतरवली, पुन्हा पुन्हा, आयुष्यभर. 1977 पासून टोकियोतल्या एका मनोरुग्णालयात त्या स्वेच्छेने राहत आल्या आणि कामासाठी जवळच्याच स्टुडिओत जात आल्या. लोक ठिपक्यांचं कौतुक करतात, मला त्या ये-जा करण्याचं जास्त वाटतं. रोज ठरल्या वेळी उठून कामाला जायचं, हेच आमच्या वर्गात सगळ्यात अवघड असतं.

नवा कागद मागितला की सर विचारायचे, "मागच्याची पाठ संपवलीस?" आम्ही त्याला कंजूषपणा म्हणायचो. स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळच्या वाल्दाऊ मनोरुग्णालयात आडोल्फ वोल्फ्ली हे चित्रकार रुग्ण म्हणून 1895 पासून 1930 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत होते. त्यांचे डॉक्टर वाल्टर मॉर्गेनथालर यांनी लिहून ठेवलं आहे की दर सोमवारी सकाळी त्यांना एक नवी पेन्सिल आणि कोऱ्या वृत्तपत्री कागदाचे दोन मोठे ताव मिळायचे. पेन्सिल दोन दिवसांत संपायची. मग साठवलेली थोटकं, नाहीतर कोणाकडे मागून आणलेली. एवढ्यावर त्यांच्यामागे 25,000 पानं उरली. बायपोलरच्या उसळीत, म्हणजे मन अति उत्तेजित झालेलं असताना, माणूस तासाभरात वीस कागद संपवतो आणि एकही पुरा करत नाही. त्याला 'थांब' म्हटलं की बिनसतं. 'आज दोन कागद, दोन्ही बाजू' असं बसतानाच ठरलं असेल, तर भांडण होत नाही. अशा दिवसांत चित्र विकायचा किंवा फुकट वाटायचा निर्णयही घेऊ देऊ नये. आठवड्याने विचारू म्हणायचं.

डोक्यात आवाज चालू असतात, संशय वाढलेला असतो, तेव्हा 'मनातलं काढा' हा सल्ला चुकीचा. मनात तेच आहे. तिथे उपयोगी पडतं सरांचं वस्तुचित्र. टेबलावर एक कांदा, डावीकडून एकच दिवा. पहिली पाच मिनिटं पेन्सिल खाली. मग बाहेरची रेषा न काढता आधी सावली, पेन्सिल आडवी धरून. सावली कांद्याला जिथे टेकते तिथे ती सगळ्यात गडद असते. नवशिका तिथेच ती फिकी ठेवतो आणि कांदा हवेत तरंगतो. चूक दाखवायची नाही, "कांदा टेबलावर बसलाय का?" एवढं विचारायचं. मान वर, मान खाली, पुन्हा वर. त्या वीस मिनिटांत आवाज थांबतात असं नाही, पण लक्ष धरायला समोर खरी वस्तू असते.

सर नकलेलाही नावं ठेवत नसत. चित्रकार फान गॉख (व्हॅन गॉग) मे 1889 ते मे 1890 फ्रान्समधल्या सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. बाहेर जाता येत नसे तेव्हा भाऊ थिओने पाठवलेल्या, मिले या फ्रेंच चित्रकाराच्या काळ्या-पांढऱ्या छापील चित्रांवरून नकला करायचा, रंग मात्र स्वतःचे. हीच रीत आम्ही वापरतो: काळ्या-पांढऱ्या चित्राची झेरॉक्स आणि फक्त तीन रंग. त्या वर्षात त्याने सुमारे दीडशे चित्रं रंगवली, पण आजाराच्या झटक्यात असताना नव्हे, दोन झटक्यांच्या मधल्या काळात. झटक्यात तो रंग खायचा, म्हणून रंग काढून घ्यावे लागत. आमच्या खोलीत टर्पेंटाइन, थिनर येत नाहीत. कात्र्या बोथट टोकाच्या, मोजून दिलेल्या, मोजून घेतलेल्या. कोलाजला कागद हातानेच फाडतो. ते दिसतंही छान.

चित्र म्हणजे औषध नव्हे, हेही लिहायला हवं. मद्रासजवळच्या चोळमंडल या चित्रकारांच्या वसाहतीतले चित्रकार के. रामानुजम. स्किझोफ्रेनिया होता, चोळमंडल उभारणाऱ्या के. सी. एस. पणिक्करांसारखे गुरू पाठीशी होते, शाईतली चित्रं अजून थक्क करतात. 1973 साली, ऐन तिशीत, त्यांनी आयुष्य संपवलं. गोळ्यांनी प्रतिभा मंदावते म्हणून परस्पर गोळ्या सोडणारे चित्रकार असतात. मंदपणा काही वेळा खरा असतोही. त्यावर उपाय डोस आणि वेळ डॉक्टरांशी बोलून बदलणं, आणि वर्ग सकाळी नऊऐवजी अकराला ठेवणं, कारण रात्रीच्या गोळीची गुंगी तोवर उतरते.

केंद्र बघायला पाहुणे येतात आणि काळं चित्र दिसलं की आवाज खाली आणून विचारतात, "हे फार दुःखी आहेत का?" अहो, डब्यातला पांढरा आणि पिवळा आधी संपतो. उरतो काळा. सरांनी कोणत्याच चित्राचा अर्थ विचारला नाही. "सुरुवात कुठून केलीस?" हा त्यांचा प्रश्न. त्याला उत्तर देता येतं. आम्ही चित्रामागे तारीख आणि नाव लिहितो. प्रदर्शनात नाव, माध्यम, आकार. आजाराचं नाव पाटीवर कधीच नाही. स्वतःचं नाव द्यायचं की नाही, हे चित्रकार लेखी सांगतो आणि विक्रीचे पैसे त्याचे त्यालाच मिळतात.

जिन्याखालच्या खोलीत आता संगणक आहेत असं कळलं. संगणक हवेतच. पण चित्रकलेचा तास गणिताला द्यायची रीत आमच्या वेळी सुरू झाली होती, ती पुढे वाढली असणार. तेव्हा सर वर्गाच्या दारात उभे राहायचे, हातात रंगाचा डबा घेऊन, तास सुटेपर्यंत.

समितीला एक विनंती. माळ्यावर ते पोतं अजून असेल तर टाकू नका. मला बारा करवंट्या हव्या आहेत. चुंबळी मी करून घेईन.