आजाराचं नाव सोडून

२०१८ साली मी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जन माहिती अधिकारी होतो. ऑनलाइन बदल्यांच्या याद्या लागल्या आणि टेबलावर जोडपत्र 'अ'चा, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जांचा ढीग पडला, प्रत्येकावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

त्यात एका गुरुजींचा अर्ज. त्यांना हवी असलेली शाळा एका बाईंना मिळाली होती, 'विशेष संवर्ग भाग १'मधून, म्हणजे बदलीत प्राधान्य असलेल्या गटातून, गंभीर आजाराच्या कारणावर. गुरुजींना बाईंचं वैद्यकीय प्रमाणपत्र, तपासण्यांचे रिपोर्ट, रजेचे अर्ज, सगळंच हवं होतं. राग समजण्यासारखा होता. बोगस प्रमाणपत्रांची कुजबुज सगळीकडे असते आणि ती दरवेळी खोटी नसते.

दुसऱ्याची माहिती देण्याआधी त्याला विचारावं लागतं, म्हणून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे बाईंना नोटीस काढली. म्हणणं मांडायला १० दिवस असतात. बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. "साहेब, बदली कशावर झाली ते खुशाल सांगा. पण आजार काय, ते माझ्या सासूबाईंनासुद्धा माहीत नाही."

सहकारी म्हणाले, कर्मचाऱ्याची सेवेतली माहिती 'वैयक्तिक' ठरवणारा, गिरीश देशपांडे प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१२चा निकाल लावा आणि फेटाळून मोकळे व्हा. आमच्याकडे गाडीचं लॉगबुक मागितलं तरी 'वैयक्तिक माहिती' म्हणून तोच निकाल पुढे केला जायचा. गाडी सरकारी, डिझेल सरकारी, त्यात वैयक्तिक ते काय? (२०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने तर वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या कलम ८(१)(ञ) मधला जनहिताचा अपवादच काढला. नकार लिहायला आता एक ओळ पुरते. जनहिताचं ८(२) शिल्लक आहे, पण ते कोण उघडून बघतो!)

मी कलम १० चा आधार घेतला: देता येईल तेवढा भाग द्यायचा, बाकीचा झाकायचा. संवर्ग, प्रमाणपत्राची तारीख, ते देणारं कार्यालय एवढं उघडं ठेवलं. रिपोर्ट आणि रजेचे अर्ज नाकारले. निदानाच्या ओळीवर काळा मार्कर फिरवला, तर कागद खिडकीकडे धरल्यावर अक्षरं लख्ख दिसत होती. मग त्या प्रतीचीच पुन्हा झेरॉक्स काढली आणि ती साक्षांकित केली.

गुरुजी प्रथम अपिलात गेले. सुनावणीत म्हणाले, "आजाराचं नाव मला नकोच. प्रमाणपत्र खरं आहे का, तेवढं सांगा."

याचं उत्तर माझ्या फायलीत नव्हतंच. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी अपील निकाली काढलं आणि प्रशासकीय बाब म्हणून प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पडताळणीला पाठवलं. महिन्याभराने उत्तर आलं: रुग्णालयाच्या नोंदीप्रमाणे बरोबर. गुरुजींनी २ रुपये भरून त्या पत्राची प्रत नेली.