अर्धाच दे

"अर्धाच दे हं," हे वाक्य मी आजवर किती वेळा बोलले असेन, याचा हिशेब माझ्याकडे नाही. एरवी हिशेबावरच माझं पोट चालतं. सत्तावीस वर्षं एका शिक्षणसंस्थेच्या लेखा विभागात काढली. पावत्या, व्हाउचरं, ताळेबंद आणि दर मार्चअखेरीस डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पण अर्धा कप चहा ही काही नोंद करायची गोष्ट आहे, असं कधी डोक्यातच आलं नाही.

ते आलं गेल्या दिवाळीनंतर. रक्त तपासलं, तर एचबीएवनसी नावाचा साखरेचा आकडा ६.२. डॉक्टर म्हणाले, "शुगर बॉर्डरवर आहे." ५.७ च्या खाली असलात तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. मधल्या पट्ट्यात मी, सामान घेऊन उभी. तिथे गर्दी मात्र भरपूर आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज असा, की देशात मधुमेही १० कोटी १० लाख आणि बॉर्डरवर ताटकळणारे १३ कोटी ६० लाख. आतल्यांपेक्षा दारातलेच जास्त.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तपासणीआधी चार दिवस मी गोडाला हात लावला नव्हता. ऑडिटर येणार म्हटल्यावर आपण फायली लावून ठेवतो ना, तसं. उपाशीपोटीची साखर त्याला फसलीही, ती छान आली. एचबीएवनसीचा हा दुसरा आकडा मात्र फसत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तात जी साखर फिरते, त्यातली काही हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी मरेपर्यंत चिकटूनच राहते. म्हणजे तीन महिन्यांचा रोजमेळच रक्तात लिहून ठेवलेला, तोही शाईने. माझं चार दिवसांचं सोवळं त्यात कुठल्या कुठे बुडालं.

साहजिकच मी सगळं खापर दिवाळीवर फोडलं. त्याआधी गणपती झाले होते, तेव्हा मोदकांवरही थोडं फोडलं. आहारतज्ज्ञ म्हणून जी मुलगी भेटली ती माझ्या लेकीच्या वयाची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, आठवडाभर जे जे तोंडात जाईल ते लिहून आणा." लिहिण्याचं मला काय! रकाने आखून, वेळा घालून वही नेली. सकाळी चहा, नाश्त्याला पोहे, डब्यात दोन पोळ्या-भाजी, संध्याकाळी चहा, रात्री आमटी-भात. तिने पानं उलटली. "हे तर फारच छान आहे," ती म्हणाली. "मग ६.२ कुठून आले?"

तेरीज जुळली नाही की आमच्या पोटात जो गोळा येतो, तो तिथे आला. फरक नेमका कुठे असतो हे मला सत्तावीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. तो मोठ्या रकमांत नसतो, कारण मोठ्या रकमांवर सगळ्यांचा डोळा असतो. इमारत दुरुस्तीचे बारा लाख चार जण तपासतात. घोळ असतो 'किरकोळ' नावाच्या खात्यात.

आता आपल्या भाषेची गंमत बघा. किरकोळात टाकायला तिने आपल्याला शब्दांची रासच दिली आहे. घोटभर, घासभर, चमचाभर, चिमूटभर, बोटभर. चवीपुरतं, नावाला, तोंडी लावायला, तोंड गोड करायला. 'तोंड गोड कर' म्हणून पुढे आलेला पेढा नाकारणं म्हणजे समोरच्याच्या मुलाच्या दहावीच्या निकालाचा अपमान. आणि तोंड गोड करणं हे खाणं थोडंच असतं? खाणं म्हणजे पाटावर किंवा टेबलाशी बसून, ताट घेऊन केलेलं. उभ्याने जे होतं ते आपण चालता-बोलता केलेलं असतं, आणि त्याला क्रियापदच नसतं. माझ्या वहीतली सगळी वाक्यं बसलेल्या अवस्थेतली होती.

दुसऱ्या आठवड्यात उभ्याने झालेलंही लिहायला लागले. लाज वाटली, पण लिहिलं.

ऑफिसात आल्या आल्या अर्धा चहा, कारण मावशी आणतातच. अकराला अर्धा, तो सगळे घेतात म्हणून. जेवणानंतर परीक्षा विभागात सही घ्यायला गेले, तिथे "दोनमध्ये तीन करू" म्हणाले, त्यातला एक भाग माझा. साडेतीनला अर्धा. निघताना कोणीतरी अमृततुल्यला चला म्हणालं, तिथे एक हाफ. एकूण पाच. घरचे दोन पूर्ण कप वहीत आधीपासून होतेच, ते सभ्य. या पाचांना मात्र वहीत जागाच नव्हती, कारण अर्धा म्हणजे घेतला न घेतल्यासारखाच.

मावशींना विचारलं, "पातेल्यात साखर किती घालता हो?" त्या म्हणाल्या, "चाळीस हाफला पाव किलो. कमी घातली तर सायेब लोक ओरडतात." गणित तोंडी झालं: एका हाफमध्ये सव्वासहा ग्रॅम. पाच हाफचे एकतीस. महिन्याला किलोला थोडीशी कमी, वर्षाला अकरा किलो. अकरा किलो साखर! किराणावाल्याकडून दोन किलोची पिशवी आणली तरी मी "आताच आणली होती ना?" असं विचारते, आणि इथे अकरा किलोंची एकही पावती नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर जमलं तर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा. तो कोटा माझा घरचे दोन कप न धरताच संपत होता, तोही घेतला न घेतल्यासारख्या चहात.

यात ओट्यापाशीची नोंद अजून आलेली नाही. रात्री जेवणं झाली की मी पातेली उतरवते. भात एवढासा उरलेला. फ्रीजमध्ये ठेवायला वाटी काढायची, तर वाटी घासावी लागणार. टाकायचा तर जिवावर येतं. मग तो पातेल्यातच आमटीच्या तळाशी कालवून, ओट्याला टेकून, चमच्याने. आमटीच्या तळाशीच खोबरं आणि गूळ बसलेला असतो, तेव्हा तो दिवसातला सगळ्यात चविष्ट घास असतो हेही खरं. पाच-सहा घास होतात. माझी आई हेच करायची, तिची आईही करायची. घरातल्या बाईच्या पोटाला उष्टं-उरलं संपवायचं खातं म्हणून कोणी कधी नेमलं, याचा ठराव कुठे सापडत नाही, पण अंमलबजावणी चोख आहे. नवऱ्याच्या वहीत हा रकाना आलाच नसता.

जुन्या लोकांना या किरकोळाची जाणीव असावी असं मला पान वाढताना वाटतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं यांना डावी बाजू दिली. आमच्याही खात्यात डावी बाजू नावेची, म्हणजे खर्चाची! लोणचं वाढायचं ते इवल्याशा चमच्याने, बोटावर येईल एवढं. आता बरणीच टेबलावर आली आणि डावी बाजू पसरत पसरत भातापर्यंत पोचली. मिठाची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. त्यात लोणचं, पापड, फरसाण, पावसुद्धा आला. साखरेचा आकडा निदान रिपोर्टवर तरी उमटतो. मीठ गुपचूप रक्तदाब चढवत राहतं आणि वर्षानुवर्षं कुठेही दुखत नाही.

"पण तू तर बारीक आहेस!" असं मला पन्नास जणांनी ऐकवलं. मीही स्वतःला तेच ऐकवत होते. उंची पाच फूट एक इंच, वजन ५४ किलो, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय २२.५. कागदावर एकदम निर्मळ. या कागदाची खरी गोष्ट आमच्या पुण्यातच उघडी पडली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय तोच, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. तोच आकडा, पण आतला माल वेगळा! हातपाय काडीसारखे आणि पोटाशी नऊवारीचा ओचा बांधल्यासारखा उंचवटा, अशी माणसं आपल्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत दिसतात. त्यांना कोणी जाडं म्हणत नाही, त्यामुळे तीही गाफील राहतात.

त्याहून जास्त मनात घर केलं ते याज्ञिकांच्या खेड्यांतल्या कामाने. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायकांच्या आणि पुढे त्यांच्या बाळांच्या नोंदी ठेवल्या. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांनी लहान, पण कातडीखालची चरबी तेवढी राखून ठेवलेली. जन्मतःच काटकसरी! आणि त्या आया शेतात राबणाऱ्या होत्या. बाळाच्या अंगाचा संबंध दिसला तो आईने एकूण किती कॅलरी, किती प्रथिनं खाल्ली याच्याशी नव्हे. दूध, पालेभाजी आणि फळं तिच्या पोटात किती गेली, याच्याशी. म्हणजे वाटीभर मेथी, एखादा पेरू. तेही किरकोळच, पण जमेच्या बाजूचं. हे वाचलं त्या दिवशी मला माझी आजी आठवली. ती आईच्या वेळी गरोदर असताना काय खात असेल? बहुधा उरलेलं.

चालण्याचंही असंच. मोबाईलमध्ये दहा हजार पावलांचं भूत आहे. लेकीने ते माझ्याही मानगुटीवर बसवलं. रात्री साडेदहाला सहाशे पावलं कमी पडली म्हणून मी बेडरूम ते बाल्कनी फेऱ्या मारल्या आहेत. मग कळलं, की हा आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातून आलाय. 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. दुकानदाराचा आकडा! आपला आकडा शंभर. 'भुक्त्वा शतपदं गच्छेत्', जेवून शतपावली. शंभर म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येणं. पण वेळ अचूक धरली आहे. जेवल्यावर रक्तात साखर चढत असते, तेव्हाच पायाचे स्नायू हलले तर ते इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ती साखर ओढून घेतात. आहारतज्ज्ञ मुलीने सांगितलं, आठवड्याला १५० मिनिटं चाला. दिवसाला भागाकार केला, जेमतेम बावीस मिनिटं. ही रक्कमही किरकोळ खात्यातच बसते की! रात्रीची भांडी तशीच टाकून आम्ही दोघं जेवल्याबरोबर खाली उतरतो. ह्यांना अजून शंका आहे की पातेल्यातल्या भातापासून मला लांब ठेवायला काढलेली ही युक्ती आहे. खरंही आहे ते.

हे सगळं माझं पुराण घरात कोणाला ऐकवावं, तर सासूबाई. वय ८१, साखर नॉर्मल. म्हणजे त्यात नशिबाचा भाग असणार, नाही असं नाही. एका सासूबाईंवरून नियम काढता येत नाही, हे मलाही कळतं. पण एक गोष्ट मी इतकी वर्षं रोज बघत होते आणि कधी दिसलीच नव्हती. त्या चहा दोनदा घेतात, सकाळी सहाला आणि दुपारी साडेतीनला. चांगली दीड चमचा साखर घालून, पितळेच्या जुन्या कपातून, खिडकीशी बसून, बशीत ओतून. मधे कोणी आलं, मी चहा टाकला आणि "अहो आई, अर्धा घेता?" विचारलं, की मान हलवतात. "अर्धा कशाला गं? साडेतीनपर्यंतचा माझा झालाय."

परवा मी त्यांना विचारलंच, "तुम्हाला कधी अर्धा घ्यावासा वाटत नाही?"

"अर्धा चहा म्हणजे भिडेचा चहा," त्या म्हणाल्या. "देणाऱ्याचं मन राखायला घ्यायचा. मला चहा आवडतो."

भिडेचा! सत्तावीस वर्षांतल्या त्या सगळ्या हाफांची चव आठवायचा मी प्रयत्न केला. एकाचीही आठवेना. मावशींचा त्यांना वाईट वाटेल म्हणून, परीक्षा विभागाचा सही लवकर मिळावी म्हणून, अमृततुल्यचा एकटं निघून जायला बरं दिसत नाही म्हणून.

सोमवारी ऑफिसात अकराला मावशी किटली घेऊन आल्या. सवयीने त्यांनी कप अर्धा भरला आणि पुढे सरकवला.

"पूर्ण भरा," मी म्हटलं.

त्यांचा हात थबकला. "मॅडम, तुमची साखर वाढलीय म्हणतात ना? सगळीकडं झालंय."

"म्हणूनच. आता साडेतीनला मला विचारू नका. उद्या अकरालाच."

त्यांनी कप काठोकाठ भरला, माझ्याकडे बघत बघत. मी फाईल मिटली, खुर्ची खिडकीकडे वळवली. बशी मागितली, तर ऑफिसात बशी नव्हती. दारातून बाहेर पडताना मावशी पलीकडच्या टेबलाला हळूच सांगत होत्या, "आज पूर्ण घेतला. कायतरी बिनसलंय."