हात वर गेला की

शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना मारामारीची प्रकरणे माझ्याकडे बहुधा निकाल ठरल्यानंतरच येतात. आठवीतल्या एका मुलाने वर्गमित्राला धातूच्या बाटलीने मारले होते आणि त्या मुलाच्या भुवईवर टाके पडले होते. वर्गशिक्षकांनी ‘विनाकारण हल्ला’ अशी नोंद केली होती, निलंबनाचे पत्र तयार होते आणि वडिलांना बोलावणे जाणार होते. त्याआधी मुलाशी एकट्याने बोलू द्यावे, असा आग्रह मी धरला.

अशा वेळी ‘घरी कोणी मारते का?’ असे थेट विचारायचे नसते, कारण उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नामुळे पुढे मुलाच्या सांगण्यालाच वजन उरत नाही. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही द्यायचे नसते, कारण ते पाळता येत नाही. मी घडलेले क्रमाने सांगायला लावले आणि त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवले. ‘त्याने हात वर केला,’ एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणाला. जखमी मुलगा फळीवरचे दप्तर काढत होता. हात वर गेला की पुढे काय होते, असे विचारल्यावर बऱ्याच वेळाने तो वडिलांबद्दल आणि आईबद्दल बोलू लागला.

मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी १९९० साली लहान मुलांच्या अभ्यासातून दाखवले होते की, घरी मार सोसलेली मुले दुसऱ्याच्या संदिग्ध कृतीतही वैरभाव पाहतात आणि त्यातून आक्रमक होतात. ‘मार खाणारी सगळीच मुले कुठे मारतात?’ असे एका सहकाऱ्याने विचारले. ते खरे आहे, बहुसंख्य मुले हिंसक होत नाहीत. पण म्हणून या मुलाला दिवसभर त्याच घरात पाठवणे ही शिस्त कशी ठरते, याचे उत्तर मला कोणी दिले नाही. ‘वडिलांना बोलवा’ हा शाळांचा ठरलेला उपाय अशा घरांत मुलाला पुन्हा त्याच हातात सोपवतो.

निलंबन टळले, बालसंरक्षण यंत्रणेला कळवले, बाक बदलले आणि मधल्या सुट्टीत शिक्षक वर्गात थांबू लागले. जखमी मुलाच्या आईवडिलांचा संताप मात्र कायम आहे आणि तो रास्त आहे. मारणाऱ्या मुलाच्या घरचे मी त्यांना सांगू शकत नाही, आणि ते कळल्याशिवाय शाळेचा निर्णय त्यांना पक्षपातीच वाटणार.